‘आई, तू नास्तिक आहेस का?’

पत्र

नमस्कार. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि दुपारी सत्यनारायण असतो. पूजेला कोणतं जोडपं बसणार ते पाळीपाळीने ठरतं. यंदा आमची पाळी होती. मी सेक्रेटरींना आधीच सांगितलं, की माझा देवावर विश्वास नाही, मी बसणार नाही, बाकी पडेल ते काम करेन. प्रसादाचा शिरा मीच केला, पंगतीत वाढलं. पूजेला दुसरं जोडपं बसलं. तेव्हापासून ‘ती नास्तिक आहे’ हे जिन्यात, लिफ्टमध्ये कानावर येतं. सासूबाई कामापुरतं बोलतात. त्यांना वाटतं, मी उद्या घरातला देव्हाराही काढायला लावेन. परवा मुलीने विचारलं, ‘आई, तू नास्तिक आहेस का? नास्तिक म्हणजे वाईट असतं का?’ मला उत्तर देता आलं नाही. मी मोदक करते, सासूबाईंचा हात धरून त्यांना कोपिनेश्वरला नेते, दिवाळी पहाटेला अभंग ऐकताना मला भरून येतं. मग मी नास्तिक की ढोंगी? भाद्रपदात घरी गणपती बसेल तेव्हा काय करू? मुलीच्या नव्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू? आणि सोसायटीची पूजेची वर्गणी द्यावी का?
– एक आई, ठाणे

उत्तर

ताई,

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण चौथीतलं मूल फार दिवस वाट पाहत नाही. त्याला घरातून उत्तर मिळालं नाही, तर ते खाली खेळायला गेल्यावर मिळतं. हो, आजच्या मराठीत या शब्दाचा जो अर्थ आहे, त्या अर्थाने तुम्ही नास्तिक आहात. आणि नाही, नास्तिक म्हणजे वाईट नव्हे. एवढं तुम्ही तिला आज रात्री जेवताना सांगू शकता. बाकीचं सावकाश पाहू.

‘नास्तिक’ हा शब्द ‘नास्ति’ म्हणजे ‘नाही’ यावरून आला. पण काय नाही, ते शब्दात कुठेच नाही. ते त्या त्या काळातल्या माणसांनी ठरवलं आणि ते बदलत गेलं. पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात आस्तिक आणि नास्तिक हे शब्द कसे सिद्ध होतात त्याचं सूत्र आहे (४.४.६०). त्यावरची काशिका ही टीका सांगते, की परलोक आहे असं ज्याचं मत तो आस्तिक, याच्या उलट मताचा तो नास्तिक. तिथे देवाचा विषयच नाही. मनुस्मृतीत (२.११) माप वेगळं आहे: ‘नास्तिको वेदनिन्दकः’. वेदांना नावं ठेवणारा तो नास्तिक, आणि सज्जनांनी त्याला बहिष्कृत करावं अशी आज्ञाही त्याच श्लोकात आहे. हा शब्द तुमच्या जिन्यात शिवीसारखा का वाजतो, त्याचं मूळ अशा ठिकाणी आहे.

वेदांच्या मापाने मोजलं तर काय होतं पाहा. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं, म्हणजे आपल्या जुन्या तत्त्वज्ञानाच्या शाखा, आस्तिक ठरतात, कारण ती वेद प्रमाण मानतात. पण जग निर्माण करणारा ईश्वर मीमांसकांना, म्हणजे पूर्वमीमांसा मानणाऱ्यांना, मान्य नाही. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी त्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला आहे. म्हणजे यज्ञ करायचे, मंत्र म्हणायचे, जगाचा कर्ता मात्र मानायचा नाही, आणि तरीही आस्तिक. उलट आपल्या टेंभी नाक्याच्या जैन मंदिरात रोज पूजा करणारा, उपास करणारा, कर्म आणि मोक्ष दोन्ही मानणारा माणूस त्याच मापाने नास्तिक. बौद्धही नास्तिक. चार्वाक परलोक, वेद आणि ईश्वर तिन्ही नाकारतात, ते कोणत्याही मापाने नास्तिकच. आपल्याकडेच असं झालं असंही नाही. रोमन साम्राज्यात सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना नास्तिक म्हणत, कारण ते रोमच्या देवांना पुजत नसत.

आज आपण बोलतो त्या मराठीत माप तिसरंच आहे, ते म्हणजे देव. देव मानत नाही तो नास्तिक. तुम्ही सेक्रेटरींना जे सांगितलंत ते या मापात बसतं, म्हणून वर मी ‘हो’ म्हटलं. पण हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की या शब्दाला तुमच्याबद्दल फक्त एक गोष्ट माहीत आहे. तुम्ही काय मानत नाही, ती. तुम्ही खरं बोलता का, म्हाताऱ्या माणसाला हात देता का, मुलीला काय शिकवता, यातलं काहीही त्या शब्दात नाही. लिफ्टमध्ये बोलणाऱ्या बायका ही जागा आपल्या कल्पनेने भरून काढतात. तुमच्या मुलीने ‘वाईट असतं का’ असं विचारलं, ते तिने अशीच भरलेली जागा ऐकली म्हणून.

कुणी तुम्हाला सुचवेल, की ‘नास्तिक’ फार कडक वाटतं, त्यापेक्षा ‘अज्ञेयवादी’ म्हणा. त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. देव आहे की नाही हे माणसाला कळणं शक्य नाही, असं मानणारा तो अज्ञेयवादी. इंग्रजीत यासाठीचा शब्द टी. एच. हक्सले या जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये घडवला. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर त्याच विचाराचे होते, आणि त्यांनी तो विचार काही मवाळ म्हणून स्वीकारला नव्हता. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तुमचं खरोखर ‘कळत नाही’ असं असेल तर जरूर अज्ञेयवादी म्हणा. पण तुमच्या पत्रात स्पष्ट आहे, की तुम्हाला देव नाही असंच वाटतं. शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून दुसऱ्याच्या विचाराचं नाव घेऊ नका.

‘निधर्मी’ तर टाळाच. एके काळी सेक्युलर राज्याला निधर्मी राज्य म्हणत, पुढे धर्मनिरपेक्ष रूढ झालं. राज्य धर्मनिरपेक्ष असतं, देव मानणारा माणूसही धर्मनिरपेक्ष असू शकतो, त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. शिवाय आपल्याकडे धर्म म्हणजे कर्तव्यही. शेजारधर्म म्हणतो आपण. निधर्मी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला काही कर्तव्यच उरलेलं नाही.

आता ढोंगाबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त त्रास या शब्दाने झाला, कारण तो तुम्ही स्वतःला लावला आहे. २६ जानेवारीला तुम्ही काय केलंत ते नीट पाहा. सत्यनारायणाला जे जोडपं बसतं ते यजमान असतं. गुरुजी त्यांच्याकडून हातावर पाणी सोडून संकल्प करून घेतात, त्यात त्यांचं नाव आणि गोत्र येतं, अमुक फळ मिळावं म्हणून मी हे पूजन करतो असं त्यांच्या तोंडून वदवलं जातं. ते एक वचन आहे, आणि ते तुम्ही मनापासून देऊ शकत नव्हता. म्हणून दिलं नाहीत. शिरा करणं, वाढणं हे वचन नाही. ते चारचौघांसाठी केलेलं काम आहे आणि ते तुम्ही मनापासून केलंत. तुम्ही रेषा अगदी जागच्या जागी ओढली आहे. पूजेला बसून मनात दुसरंच ठेवलं असतंत, तर ढोंग झालं असतं. श्रद्धाळू माणसानेही याबद्दल तुमचा मान राखायला हवा, कारण खोट्या संकल्पाने त्याच्याच पूजेचा अपमान होतो.

मोदकाच्या पारीला हात लागला म्हणजे देव मान्य केला, असं होत नाही. अभंगाने भरून येणं हे कुणा एकाच्या मालकीचं नाही. तुम्ही या भाषेत वाढलात, त्या शब्दांनी आणि चालींनी तुमचं मन घडलं आहे. तळ्याच्या काठी, राम मारुती रोडला दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्यांत किती जण देव मानतात, ते कुणी दारावर विचारत नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं तर येऊ द्या. त्याचा खुलासा कुणाला देऊ नका, स्वतःलाही नको.

याच परिसरातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. सोपारा या प्राचीन बंदराजवळ भुईगाव इथे १९५६ मध्ये सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. हा लेख देशात इतर ठिकाणीही कोरलेला आहे, त्यामुळे पूर्ण मजकूर आपल्याला माहीत आहे. अशोक म्हणतो, की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, बायका तर फारच करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमणांना आणि ब्राह्मणांना दान. बायकांवरचा त्याचा शेरा मला आवडत नाही, घरातल्या दुखण्याखुपण्याची काळजी ज्यांच्या गळ्यात असते त्याच नवस बोलतात. अशोक नास्तिक होता असंही मला म्हणायचं नाही, तो परलोकाबद्दल बोलतो. पण विधी एका बाजूला आणि वागणूक दुसऱ्या बाजूला ठेवून तपासणारा माणूस सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इथल्या बंदराच्या गावात आपलं म्हणणं दगडावर कोरून ठेवतो, हे तुमच्या सोसायटीने लक्षात घ्यावं.

सासूबाईंकडे येते. तुमच्या पत्रात त्यांचा राग दिसतो. मला त्यामागे भीती दिसते. सत्यनारायणाची कथा त्यांनी जन्मभर ऐकली आहे. त्या कथेत काय आहे? कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेता धावत जाते आणि त्याची नाव बुडते. तुंगध्वज राजा गवळ्यांनी दिलेला प्रसाद टाकून जातो आणि त्याची मुलं, धनधान्य सगळं जातं. पुढे दोघांचंही भलं होतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात आधीचं बसतं. ज्या बाईने दर वर्षी हे हात जोडून ऐकलं, तिच्या सुनेने भर सोसायटीत पूजा नाकारली. त्यांच्या मनात आलं असणार, आता माझ्या मुलाचं काय होईल, नातीचं काय होईल. ही भीती तुम्हाला पटो न पटो, ती खोटी नाही. तिला तर्काने उत्तर देऊ नका. ‘आई, असं काही नसतं’ हे वाक्य त्यांच्या कानाला ‘तुम्ही अडाणी आहात’ असं ऐकू येईल.

त्यापेक्षा दुपारचा चहा झाल्यावर, नवरा आणि मुलगी घरात नसताना, त्यांच्याजवळ बसा आणि ठोस गोष्टी सांगा. ‘आई, तुमच्या देव्हाऱ्याला माझा हात लागणार नाही. निरांजन, फुलं, नैवेद्याचं पान, तुम्हाला जे लागेल ते मी करून देईन. तुम्हाला बरं नसेल तेव्हा दिवाही लावेन, तुमच्यासाठी. पण मला जे वाटत नाही ते मी देवासमोर बसून म्हणणार नाही, ते खोटं होईल.’ असंच्या असं नको, तुमच्या घरात जसं बोलता तसं. आणि शिऱ्याची आठवण करून द्या. तुम्ही प्रसाद केलात, तुम्ही तो टाकून उठला नाहीत. त्यांच्या कथेच्या हिशोबातही ही गोष्ट मोजली जाते, आणि त्यांना आधार द्यायला तिचा उपयोग केला तर त्यात काही गैर नाही.

देव्हारा काढायला लावाल ही त्यांची भीती कदाचित बातम्यांमधूनही आली असेल. ‘अंनिसवाली झाली’ हे आपल्याकडे सहज बोललं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, तोपर्यंत ते एक गोष्ट सातत्याने सांगत होते, की समितीचा विरोध देवाधर्माला नाही, श्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे. देव मानणारे कार्यकर्तेही त्या कामात होते आणि आहेत. सासूबाईंना हे माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही सांगू शकता, पण पहिल्याच दिवशी नको.

गणपतीचं म्हणाल तर घरात मूर्ती बसते तेव्हा प्राणप्रतिष्ठा कोण करतं? बहुधा नवरा. ते त्यांच्याकडेच राहू द्या आणि तसं श्रावणातच घरात बोलून ठेवा, ऐन चतुर्थीच्या सकाळी नको. आरतीला उभं राहावं का, याचं उत्तर तुमचं तुम्ही द्यायचं. मी तुमच्या जागी असते तर उभी राहिले असते, झांज वाजवली असती, कारण आरती म्हणजे घर एकत्र उभं राहण्याची वेळही असते. पण कुणाला तेही जड जातं, आणि त्यांनी स्वयंपाकघरात थांबावं. आल्यागेल्यासमोर त्यावरून चर्चा होऊ द्यायची नाही, एवढं नवऱ्याकडून कबूल करून घ्या. त्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही. पूजेची पाळी दोघांची होती. लिफ्टमध्ये मात्र एकट्या तुमचं नाव निघतं, आणि त्यांनी आईशी आणि शेजाऱ्यांशी अजून काही बोललेलं नसेल, तर ते त्यांचं राहिलेलं काम आहे. त्यांना तसं सांगा.

मुलीला दोन वाक्यांपुढे काय सांगायचं? काही मागितलं तर सांगा, आई देव मानत नाही, आजी मानते, बाबांचं बाबा सांगतील, आणि तू मोठी होऊन ठरवशील. एक मात्र करू नका. ‘आपण नास्तिक आहोत’ असं म्हणू नका. ज्या कारणाने कुणी तुमच्या वतीने संकल्प सोडू शकत नाही, त्याच कारणाने तुम्ही तिच्या वतीने नास्तिक होऊ शकत नाही. ती आजीबरोबर अथर्वशीर्ष म्हणत असेल तर म्हणू द्या. तिला आवडलं तर तिचं आहे. आणि आजी म्हणाली, की नास्तिकांचं वाईट होतं, तर तिथे मात्र तुम्ही शांतपणे आणि लगेच बोलायला हवं: ‘असं आजीला वाटतं, मला वाटत नाही, आणि मी इथेच आहे.’

फॉर्मच्या रकान्याला कायद्याची बाजू आहे. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं, की कोणताही धर्म न मानण्याचं स्वातंत्र्य त्यातच येतं आणि शासनाची कोणतीही यंत्रणा कुणालाही कोणत्याही नमुन्यात आपला धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. तेव्हा तुम्ही स्वतःच्या फॉर्मवर ‘धर्म नाही’ लिहू शकता, आणि तसं लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नसाल. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ७० हजार लोकांची नोंद ‘धर्म नमूद नाही’ अशी आहे. ते सगळे नास्तिक असतील असं नाही, कारण धर्म न सांगणं आणि देव न मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ‘धर्म नाही’ असं लिहिल्याने तुमचा विवाह, वारसा यांना लागू असलेला हिंदू कायदा बदलत नाही. तो लागू होण्यासाठी देवावर विश्वास आहे का, हे पाहिलं जात नाही.

पण फॉर्म मुलीचा आहे. शाळेच्या नोंदीत धर्म-जातीचं जे जातं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं. तुमचं कुटुंब आरक्षणाच्या कोणत्याही प्रवर्गात येत असेल, तर जातीचा दाखला आणि पुढे जात पडताळणी करताना शाळेच्या नोंदी तपासल्या जातात, आणि आज सोडलेली जागा तिला अठराव्या वर्षी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या घालायला लावेल. तसं असेल तर आधीच्या शाळेत जी नोंद आहे तीच ठेवा. तसं नसेल तरी माझं मत तेच आहे: तिच्या कागदावर तुमचं मत लिहू नका. तिला ती नोंद नको असेल तर सज्ञान झाल्यावर तिने स्वतः तो निर्णय घ्यावा.

राहिली वर्गणी. पूजेची वर्गणी देणं सोसायटी तुमच्यावर बंधनकारक करू शकत नाही. पण त्या दिवशी जेवण सगळ्यांचं असतं, मुलांच्या स्पर्धा असतात, मांडव आणि खुर्च्या असतात. कमिटीला विचारा, की पूजेचा आणि बाकी कार्यक्रमाचा खर्च वेगळा दाखवता येईल का. आला तर बाकी खर्चातला तुमचा वाटा द्या. नसेल येत आणि रक्कम घराला जड नसेल, तर सगळी द्या, पावती घ्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत हा मुद्दा लेखी मांडा. पुढच्या वर्षीची पाळी कुणाची ते ठरेल तेव्हा, बसायचं की नाही हे आधी खासगीत विचारायचं आणि कारण कुणाला विचारायचं नाही, असंही त्याच सभेत ठरवून घ्या. नको म्हणायचं आहे पण धीर होत नाही, असं आणखी एखादं घर तुमच्या इमारतीत असेल.